जहाजावरचं स्थळ

स्थळ सौंसरचं, पोरगी पांढुर्ण्याची, आणि पोरगा राहतो समुद्रात. यावर आमच्या गल्लीत बोलणं होणार नाही तर कशावर होणार?

शेजारच्या काकूंच्या आणि आमच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण आहे. त्यांचा गुळवेल आणि आमची गोकर्ण त्यावर अशी माजली आहे की तार आता दिसत नाही, फक्त हाताला लागते. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, चार वाजताचा चहा झाल्यावर, काकू तिथं आल्या त्या हातात मोबाइल घेऊनच. चष्मा नाकावर. एरवी चष्मा फक्त पोथी आणि वीजबिल यांच्यासाठी निघतो, म्हणजे बातमी मोठी होती.

"ऐकलं का व? आमच्या पुतणीले स्थळ आलं. सौंसरचं. पोट्टा जहाजावर हाय."

"मालाच्या?"

"नाही व, मानसाच्या. क्रूझ म्हनते त्याले. पान्यावरचं हॉटेलच समज. तीन-तीन हजार मानसं राहतेत म्हने त्याच्यात."

"मंग हा काय करते त्याच्यात?"

"वेटर," काकू म्हणाल्या, आणि इतक्या खालच्या आवाजात म्हणाल्या की मला वाटलं पोराला सहा महिन्यांची सजा झाली. आपल्याकडे हे असंच. नागपूरच्या हॉटेलात वेटर असता तर स्थळ म्हणून कुणी सांगितलंही नसतं. जहाजावर आहे म्हटल्यावर अर्धी लाज आणि अर्धा अभिमान, कारण पगार डॉलरमध्ये.

5 ऑक्टोबर 2023 ला मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून आपल्यात आलं. तेव्हापासून सौंसरचं स्थळ म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, पोरगी लांब जात नाही, अशी एक सोय झाली आहे. इथं पोरगी जिल्ह्यात राहणार आणि जावई खंडाबाहेर. काकूंना ही भानगड पचत नव्हती. पण खरा घोटाळा फोटोंचा होता.

त्यांनी मोबाइल कुंपणावरून माझ्या हातात दिला. "पाह्य. हा समुद्र. हे नारयाचे झाडं. हा परत समुद्र. इथं खुर्चीवर बसून राह्यला. इथं लाल टोपी घातली. काम कवा करते हा? अन ही कोन व?"

ही म्हणजे एक धिप्पाड, हसरी, सावळी बाई. डोक्याला चौकड्यांचं पिवळं-लाल फडकं बांधलेलं, त्याची टोकं शिंगासारखी वर काढलेली, आणि पोराच्या खांद्यावर तिचा हात. तिच्यामागे बाटल्याच बाटल्या आणि मसाल्याच्या पुड्या.

"दुकानदारीन दिसते," मी म्हटलं.

"दुकानदारनी खांद्यावर हात ठेवते? आपला किराणावाला ठेवते?"

आता याला काय उत्तर देणार. तेवढ्यात मुलाची आत्या आली. ती आमच्याच गल्लीत, तिसऱ्या घरात राहते, आणि तिचे कान इतके तयार आहेत की आपल्या भाच्याचं नाव चुलीजवळ घेतलं तरी तिला दारात ऐकू येतं. तिच्या मागोमाग मास्तरीणबाईही आल्या. या रिटायर झाल्यापासून कुठल्याही चर्चेला वही तपासायला बसल्यासारख्या बसतात. आत्यानं हात कमरेवर ठेवले आणि निकाल देऊन टाकला, "पोट्टा सुट्टीवर आला हाय. उद्या इकडंच येते. जे पुसाचं ते त्यालेच पुसा, माह्या भाच्याले लपवासारखं काही नाही."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. जामसावळीच्या हनुमानाचा प्रसाद आत्याला द्यायला म्हणून आला आणि कुंपणाशी अडकला. बारीक अंगाचा, केस आखूड कापलेले, नखं एवढी स्वच्छ की आपलीच आपल्याला पाहावीशी वाटू नयेत. पाय मात्र त्याचा सारखा हलत होता. सात-आठ महिने बारा-बारा तास उभं राहिल्यावर एका जागी निवांत उभं राहणं जमत नसावं.

काकूंनी प्रस्तावना केली नाही. थेट फोटो काढला. "हे रोजच असते का?"

पोरगा हसला. "काकू, ह्या सगळ्या फोटोतला शर्ट पाहा."

आम्ही चौघींनी पाहिला. आकाशी शर्ट, खिशावर पांढरी पट्टी. मार्टिनिक बेटावर तोच, ग्वाडलूप बेटावर तोच, समुद्रात तोच, चर्चसमोर तोच. "बाहेर घालाले तेवढा एकच ठेवला हाय. बाकी युनिफॉर्म. महिन्यातून चार-पाच वेळा खाली उतराले भेटते, तेबी तीन तास. त्याच तीन तासात मी फोटो काढून घेतो अन मायले महिनाभर रोज एक-एक पाठवतो. नाही पाठवला तं ती जेवत नाही."

म्हणजे काकू ज्याला रोजची मजा समजत होत्या ती आईसाठी पुरवून पुरवून वापरलेली शिदोरी होती. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मोबाइल बंद केला, पण हार मानली नाही.

मग त्यानं जमिनीवर उतरण्याची सगळी रीत सांगितली, आणि मला ती कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आवडली. जहाज सकाळी बंदराला लागतं. प्रवासी नाश्ता करून उतरतात. हा पहाटे पाचला उठून त्यांना तो नाश्ता वाढतो. साडेदहा-अकराला टेबलं आवरून मोकळा. पण लगेच उतरता येत नाही. बंदरात असताना आग लागली, काही झालं, तर जहाज सांभाळायला ठरावीक माणसं वर राहावीच लागतात. त्याची पाळी लागते. ज्याची पाळी त्याला समोर बेट दिसत असून उतरता येत नाही. ज्याची नाही तो कार्ड मशीनला दाखवून शिडी उतरतो, आणि प्रवाशांच्या आधी, ठरल्या वेळेला, परत वर. जहाज कुणासाठी थांबत नाही. प्रवासी राहिला तर त्याच्या नावानं भोंगा तरी होतो, नोकर राहिला तर त्याची नोकरी गेली.

"अन उतरल्यावर काय करता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आधी फुकटचं वायफाय पाहतो."

आता काही जहाजांवर आकाशातून इंटरनेट येतं, पण नोकरांना ते पैसे मोजून घ्यावं लागतं. त्यामुळे बंदराबाहेरच्या ज्या पायरीवर फुकट वायफाय धरतं तिथं भारतीय, फिलिपिनो, इंडोनेशियन पोरं रांगेत बसलेली असतात, प्रत्येकाच्या कानाला फोन. मार्टिनिकमध्ये दुपारचा एक वाजतो तेव्हा सौंसरला रात्रीचे साडेदहा. आई जागी असते. बाप संत्र्याच्या बगिच्यातून येऊन झोपलेला असतो, त्याला उठवतात. अर्धा तास तिथंच जातो. मग शाम्पू, साबण, दाढीचं सामान. उरलेला वेळ बेट.

"म्हनजे बेट पाहाले नसते, बेटावर बसून घर पाहाले असते," आत्या म्हणाली. ती असं अधूनमधून बोलून जाते, आणि मग स्वतःच इकडेतिकडे बघते.

"बरं, ही बाई?" काकू मुद्द्यावर आल्या.

तेव्हा ती बाई निघाली फोर्ट-द-फ्रान्सच्या मंडईतली मसालेवाली. फोर्ट-द-फ्रान्स म्हणजे मार्टिनिकची राजधानी. मार्टिनिक हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, पण राज्य फ्रान्सचं. तिथली माणसं फ्रेंच नागरिक, नाणं युरो, पोलीस फ्रेंच. त्यामुळे बराचसा माल फ्रान्सहून जहाजानं येतो आणि भाव ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. त्यांच्याही येतो. 2009 साली याच महागाईवरून मार्टिनिकमध्ये आणि ग्वाडलूप या फ्रान्सच्याच दुसऱ्या बेटावर महिनाभराहून जास्त संप चालला होता, आणि 2024 मध्ये मार्टिनिकमध्ये परत लोक रस्त्यावर आले. आमचा हा पोरगा तिथं एक कॉफीसुद्धा विचार करून पितो.

"तिथं दुकानात शिरलं का आधी बोंझूर म्हनाचं. न म्हनता भाव पुसला तं बाई ऐकलंच नाही असं करते. मी पहिल्या खेपेले गेलो अन सरळ 'हाऊ मच' म्हनलं. तिनं माह्याकडं पाठ केली. दुसऱ्या वेळी बोंझूर म्हनलं, तं चाखाले केळं दिलं. तिसऱ्या वेळी इंडियातला हाय म्हनलं, तं हा फोटो."

"बरोबर हाय तिचं," काकू म्हणाल्या. "आपल्या इथं पोट्टे येतेत, ना रामराम ना काही, डायरेक्ट मोबाइल पुढं करतेत, स्कॅन कुठं हाय म्हून." बाईबद्दल काकूंचं मत एका बोंझूरनं बदललं.

आणि त्या चौकड्यांच्या फडक्याची गोष्ट ऐकून तर आम्ही कुंपण हलेस्तोवर हसलो. ते कापड मद्रासचं. आजही तिथं त्याला मद्रासच म्हणतात, आणि बायकांच्या सणाच्या पोशाखात ते असतंच. डोक्याला बांधताना त्याची किती टोकं वर काढली यावरून बाईचं काय चाललंय ते कळतं, असं प्रवाशांना सांगतात. एक टोक म्हणजे मन मोकळं आहे. दोन म्हणजे गुंतलं आहे, पण प्रयत्न करून पाहा. तीन म्हणजे लग्न झालंय, नाद सोड. चार म्हणजे जो येईल त्याला जागा आहे.

"हिची किती हायेत?" काकूंनी झटकन मोबाइल पुन्हा उघडला. चष्मा, बोट, झूम. "तीन!" त्यांचा जीव भांड्यात पडला.

मास्तरीणबाईंना फडक्यापेक्षा मद्रासात रस. "कापड तिथं पोचलं कसं?" पोरानं ऐकून आलेलं सांगितलं आणि बाकीचं बाईंनी रात्री शोधून दुसऱ्या दिवशी कुंपणावर आणून ठेवलं, त्यामुळे दोन्ही इथं एकत्रच देते. कापड व्यापारानं आधीच गेलं होतं, मागून माणसं गेली. फ्रान्सनं 1848 मध्ये गुलामी कायमची बंद केली. ऊस तोडायला माणूस मिळेना. मग पाँडिचेरी, कारिकल या आपल्या बंदरांतून मजूर भरून नेले. ऑरेली नावाचं जहाज 6 मे 1853 ला मार्टिनिकला पोचलं आणि तेच जहाज 1854 च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्वाडलूपला. बहुतेक तमिळ लोक. आज त्यांच्या पणतवंडांना तमिळ येत नाही, फ्रेंच आणि तिथली क्रिओल बोली बोलतात, पण मरीअम्मनची देवळं आहेत, आणि धणे, जिरं, हळद, मोहरी, मेथी कुटून केलेला एक मसाला सगळ्या बेटावर, गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या घरात आहे. त्याला कोलंबो म्हणतात. त्या फोटोतल्या बाईच्या मागं ज्या पुड्या होत्या त्या याच. पोरानं एक पुडी आईला आणली. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "हा तं आपलाच हाय, तिखट विसरले फक्त."

तिथल्या चौकातली एक गोष्ट मात्र आम्हा पांढुर्णेकरांना जवळची वाटली. नेपोलियनची पहिली बायको जोसेफीन याच मार्टिनिकची, उसाच्या मळेवाल्याची पोरगी. तिचा संगमरवरी पुतळा फोर्ट-द-फ्रान्सच्या मैदानात होता. नेपोलियननं गुलामी परत आणली त्यात तिचा हात होता असं लोक मानत, म्हणून 1991 मध्ये कुणीतरी रातोरात पुतळ्याचं मुंडकं कापून नेलं. सरकारनं तो तसाच, बिनमुंडक्याचा, जवळजवळ तीस वर्षं उभा ठेवला. जुलै 2020 मध्ये लोकांनी उरलेलाही पाडला. पोरगा गेला तेव्हा तिथं नुसती जागा.

"इतक्या वर्षांचा राग?" मी म्हटलं.

"तुमी नका बोलू, वहिनी," आत्या म्हणाली. "आपला राग किती वर्साचा हाय? पुढच्या आठवड्यात पाहा, जाम नदीवर."

खरं आहे. गोटमार जवळच आली होती. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली आणि नदी ओलांडताना दोन्हीकडून गोटे आले, ही कथा. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून दोन काठांवरून एकमेकांची डोकी फोडायची. दरवर्षी माणसं जखमी होतात, कित्येक जीव गेले, प्रशासनानं गोट्यांऐवजी चेंडू देऊन पाहिले, काही उपयोग नाही. मला हा प्रकार कधीच आवडला नाही आणि ते मी इथंही लिहून ठेवते. पुतळ्याचं मुंडकं कापलं तर निदान रक्त तरी येत नाही.

पोरगा आधीच्या करारात हिंदी महासागरात होता, आणि तिथलं सांगताना तो जास्त रंगला. रियुनियन हे मॉरिशसच्या शेजारचं बेट, तेही फ्रान्सचंच. जहाज लागतं ते शहरापासून लांब, मालाच्या बंदरात, कंटेनरच्या ढिगात. बसनं शहरात जाईपर्यंत निम्मा वेळ गेलेला. पण तिथून त्यानं बापासाठी एक गोष्ट आणली, आणि ती सांगताना तो पहिल्यांदा एका पायावर स्थिर उभा राहिला.

व्हॅनिला. आइस्क्रीममधला. त्याचा वेल मूळचा मेक्सिकोचा. या बेटांवर लावला तर फुलं यायची, शेंग धरायची नाही, कारण परागण करणारी तिकडची माशी इकडं नाही. मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ डोकं खाजवत बसले. 1841 मध्ये रियुनियनवर एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं एक बारीक काडी घेतली, फुलातला पडदा काडीनं वर उचलला, आणि अंगठ्यानं पराग दाबला. शेंग धरली. आजही जगभर व्हॅनिलाची बहुतेक सगळी फुलं अशीच, हातानं, लावतात. फूल उमलतं एकाच सकाळी, त्यामुळे ती सकाळ गेली की शेंग गेली. गुलामी संपल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं, पैसा कुणी दिला नाही. 1880 मध्ये तो गरिबीतच मेला.

पोरानं हे फोनवर बापाला सांगितलं. बाप संत्रावाला. आंबिया बहार धरायचा का मृग, पाणी कधी तोडायचं, कलम कुठल्या जंभेरीवर बांधायची, यापलीकडे त्याला जगात काही पाहायचं नाही. तो ऐकून गप्प बसला आणि शेवटी म्हणाला, "आपल्या फुलावर माश्या फुकट येतेत, देवाची दया."

"अन मॉरिशस?" मास्तरीणबाई. त्यांना तिथं गणपती बसतो हे माहीत होतं, बाकी ऐकायचं होतं.

मॉरिशस आता स्वतंत्र देश. पण आधी शंभरेक वर्षं फ्रेंचांच्या ताब्यात, 1810 पासून इंग्रजांच्या. कागदावर इंग्रजी आणि रस्त्यावर क्रिओल आणि फ्रेंच. पोर्ट लुईच्या बंदरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आप्रवासी घाट आहे. 2 नोव्हेंबर 1834 ला अ‍ॅटलस जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळपास पाच लाख. बिहारी, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकणातले मराठी. घाटाच्या उरलेल्या दगडी पायऱ्या 2006 पासून जागतिक वारसा आहेत. पोरगा म्हणाला, तिथं उभं राहून त्याला थोडं चमत्कारिक वाटलं, कारण समोर त्याचंच जहाज उभं होतं, अकरा मजली, पांढरंशुभ्र.

घाटावरून तो मध्यवर्ती मंडईत गेला. खिशात तिथलाच रुपया, म्हणजे मॉरिशसचा रुपया. नोट हातात घेतली आणि पाहतो तर तिच्यावर देवनागरीत अक्षरं. तमिळमध्येही. "मी ती नोट खर्चलीच नाही," असं म्हणून त्यानं पाकिटातून काढून दाखवली. चौघींनी ती हातोहात फिरवली. आत्यानं उन्हात धरून खरी आहे का तेही पाहिलं.

आता खाण्याचं. दालपुरी. डाळ शिजवून, वाटून, पोळीत भरून लाटलेली, पातळ, पिवळसर. गूळ नाही. वरून रस्सा, टोमॅटोची चटणी, मिरची, आणि कागदात गुंडाळून. एक मागता येत नाही, दोनच देतात.

"म्हनजे पुरनपोयी, पन फिक्की?" काकू.

"हाओ. बिहारी लोकायनं नेली. अन डायीचे वडे, पावात लोणी लावून, त्यात घालून सकायी खातेत."

"पावात वडा तं आपला," आत्या म्हणाली, पण लोण्याला तिनं नापसंती दाखवली.

त्या दालपुरीवाल्याच्या शेजारी भाजी विकणारी एक म्हातारी होती. ह्यानं मित्राशी फोनवर आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं, तर तिनं मान वर केली. क्रिओलमध्ये काही विचारलं. ह्याला कळेना. मग तिनं छातीला हात लावून सांगितलं, "मराठी." त्यानं पण छातीला हात लावला. पुढं बोलायला तिच्याकडे मराठी फारशी नव्हती आणि त्याच्याकडे क्रिओल नव्हती. शेजारच्या पोरानं इंग्रजीत जोडून दिलं. तिची आजी घरात ओव्या म्हणायची. नात शाळेत मराठी शिकते. तिकडच्या सरकारी शाळांत मराठी हा विषय आहे, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचंही शिकता येतं, गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. देवीचा गोंधळ होतो, कोकणातली जाखडी तिकडं झाकरी म्हणून नाचतात. आणि त्या महात्मा गांधी संस्थेतच जुन्या मजुरांचे कागद जपलेले आहेत: नंबर, बापाचं नाव, गाव, उंची, पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. पणजोबा शोधायला लोक तिथं जातात.

म्हातारीनं ह्याला गाव विचारलं. हा म्हणाला सौंसर. तिला कळलं नाही. नागपूर म्हणाला. नाही. शेवटी मुंबई म्हणाला, तर ती हसली आणि पिशवीत दोन मिरच्या जास्तीच्या टाकल्या.

मास्तरीणबाईंनी इथं लांब श्वास घेतला. मला वाटलं आता आपल्याकडच्या हिंदी शाळांवर येणार, आणि त्या आल्याच. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, दुकानाच्या पाट्या हिंदी, आणि नातवंडं आजीला 'दादी' म्हणायला लागली आहेत, हे त्यांचं नेहमीचं. 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, हे त्या अशा सांगतात की जणू मागच्या मंगळवारी झालं. काकूंनी त्यांना थांबवलं.

"ते राहू द्या बाई. मले एक सांगा," त्या पोराकडे वळल्या, "मॉरिशसले गेलेले ते मजूरबी कराराचे गडी होते, पाच वर्साचा करार. तुयाबी करारच. मंग फरक काय?"

प्रश्न चांगला होता. पोरगा रागावला नाही. त्यानं फोनमध्ये आपला करारनामा उघडला. सात महिन्यांचा. 2006 चा एक आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, भारतानं तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती, त्यातले सहा तास सलग. आजारी पडला तर औषधपाणी कंपनीचं. करार संपला की घरी परतण्याचं तिकीट कंपनीचं, आणि जहाज बंदराला असताना खाली उतरू देणं हाही त्यात हक्क म्हणून लिहिलेला आहे. "कागदावर दहा तास आराम हाय," तो म्हणाला, "प्रत्यक्षात नऊबी होते, साडेआठबी होते. खोटं काहून सांगू." पाण्याच्या पातळीखालची, खिडकी नसलेली, दोघांची खोली. दुपार का रात्र ते घड्याळानं कळतं. आणि सुट्टीत पगार नाही. सात महिन्यांचे डॉलर सुट्टीलाही पुरवायचे. हे त्यानं आपण होऊन सांगितलं. मला त्याचं तेच आवडलं.

काकूंनी शेवटचा प्रश्न विचारला, जो त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. "पोरगी इथं एकटी राहीन न?"

"हाओ," पोरगा म्हणाला. "आणखी चार-पाच करार करीन. मंग इथंच काहीतरी. हायवेले हॉटेल टाकाचं मनात हाय." जरा थांबून म्हणाला, "तिले पुसा तुमी. मले नका पुसू."

तो गेल्यावर आमची बैठक अर्धा तास चालली. आत्या अर्थातच बाजूनं. मास्तरीणबाई म्हणाल्या, पोराला गुण द्यायचे तर पहिला वर्ग. काकूंचं म्हणणं, पोरगा खरा आहे, पण जावई वर्षातून दोन महिने आणि तेही पोळ्याला, हे कसं जमायचं. मी माझं मत सांगितलं, आणि ते इथंही लिहिते: वेटर असण्यात कमीपणा नाही, बेटांचे फोटो असण्यात मोठेपणा नाही. पोरीला विचारा, तिला सात महिने एकटं राहणं झेपेल का. तिला नको असेल तर डॉलर दाखवून गळ्यात बांधू नका. हवं असेल तर गल्लीनं तोंड उघडू नये. पुतणीला विचारलं. तिनं एकाच दमात सांगितलं की आपल्याला आधी बी.एड. पूर्ण करायचं आहे, आणि तोवर त्यानं दोन करार करून यावेत. बोलणं सध्या तिथं थांबलं आहे.

पण या सगळ्या गडबडीत एक भलतंच झालं. पोराच्या फोटोंवरून गल्लीतल्या तीन पोरांना जहाजावर जायचं सुचलं, आणि त्यांतल्या एकाच्या घरी कुणी एजंट दोन लाख मागून गेला. म्हणून ज्यांच्या घरात असा विषय निघाला असेल त्यांना सांगते. जहाजावर माणसं भरती करणाऱ्या एजन्सीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, पाण्यात उडी मारायचं आणि आग विझवायचं प्रशिक्षण, खलाशाचं सीडीसी पुस्तक, एवढाच खर्च आपला. त्यापुढं जो पैसे मागेल त्याला यादीत नाव दाखव म्हणावं, आणि नाव दाखवेस्तोवर खिशातून दमडीही काढू नये.